छायाचित्र टिपल्यानंतर: काटछाट कशी करावी आणि हात कुठे आवरावा

‘या छायाचित्रावर कोणतेही संस्करण केलेले नाही’ असे सांगणाऱ्याने कॅमेऱ्याच्या आत काय घडते ते एकदा समजून घ्यावे. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरवरील प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा आणि निळा यांपैकी एकाच रंगाचा उजेड मोजतो; उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेबाने भरले जातात. त्यानंतर कॅमेरा व्हाइट बॅलन्स (पांढरी वस्तू पांढरीच दिसावी अशी रंगांची जुळवणी) ठरवतो, कॉन्ट्रास्ट वाढवतो, कडा धारदार करतो, नॉइज (दाणेदार ठिपके) पुसतो आणि मग जेपेग फाइल आपल्या हाती देतो. म्हणजे संस्करण झालेलेच असते. ते कसे व्हावे हे कंपनीतील अभियंत्यांनी, आपण ज्या प्रसंगासमोर उभे होतो तो न पाहताच, आधी ठरवून ठेवलेले असते. त्यामुळे ‘संस्करण करावे की करू नये’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. कोणते बदल करावेत, कोणत्या क्रमाने करावेत आणि कुठे थांबावे, याचा विचार करणे अधिक उपयोगाचे आहे.

माझे मत प्रारंभीच स्पष्ट करतो. काटछाट, म्हणजे कडेचा भाग कापून चौकट लहान करणे, मोकळेपणाने करावी. उजेड आणि रंग यांत विचारपूर्वक बदल करावेत. परंतु चौकटीच्या आत जे होते ते पुसणे आणि जे नव्हते ते आणून बसवणे, हे पाहणारा ज्या छायाचित्राकडे साक्ष म्हणून पाहणार आहे त्यात कधीही करू नये, मग ती वस्तू कितीही क्षुल्लक असो.

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी छायाचित्र कुठे जाणार आहे ते ठरवावे. ते वर्तमानपत्रात किंवा एखाद्या घटनेची नोंद म्हणून जाणार असेल, तर मर्यादा सर्वांत कडक असतात. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये आपल्या स्वतंत्र छायाचित्रकारांना कळवले, की रॉ फाइलवरून (सेन्सरने मोजलेल्या, संस्करण न झालेल्या मूळ नोंदीवरून) तयार केलेली छायाचित्रे पाठवू नका, कॅमेऱ्यात जेपेग म्हणूनच टिपलेली पाठवा. काटछाट आणि उजेडाची किरकोळ दुरुस्ती मात्र चालेल. निसर्ग विभागातील स्पर्धांमध्येही काटछाटीखेरीज अन्य मार्गाने काही वगळणे किंवा घालणे सामान्यतः निषिद्ध असते, आणि निवड झाल्यावर मूळ रॉ फाइल मागवली जाऊ शकते. घरगुती समारंभाच्या अल्बममध्ये मोकळीक अधिक आहे. स्वतःची कलाकृती म्हणून मांडलेल्या छायाचित्रात ती सर्वाधिक आहे, मात्र ते तसे आहे हे सांगितले पाहिजे.

आता काटछाटीकडे वळू, कारण सर्वाधिक गैरसमज तिच्याविषयीच आहेत. काटछाट करणारा छायाचित्रकार कच्चा, कारण त्याला चौकट जागेवर बांधता आली नाही, अशी एक समजूत आपल्याकडच्या फोटो क्लबांमध्ये अजूनही ऐकू येते. तिच्या समर्थनार्थ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे नाव घेतले जाते. आपले निगेटिव्ह संपूर्णच छापले जावे असा त्यांचा आग्रह होता, हे खरे आहे. परंतु पॅरिसच्या सें-लझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे त्यांचे १९३२ मधील छायाचित्र, जे जगभर शिकवले जाते, ते काटछाट केलेलेच आहे. ते लाकडी कुंपणाच्या फटीतून घेतलेले होते आणि निगेटिव्हच्या एका बाजूला फळीचा अडथळा आला होता. तो भाग त्यांनी वगळला, आणि वगळणे योग्यच होते.

काटछाटीनेच घडलेल्या छायाचित्रांची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. क्युबाचे छायाचित्रकार अल्बेर्तो कोर्दा यांनी ५ मार्च १९६० रोजी हवाना येथे टिपलेले चे गेव्हाराचे छायाचित्र मुळात आडवे आहे. त्यात एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला झाडाच्या झावळ्या आहेत. या दोन्ही गोष्टी कापल्यावर जो चेहरा उरला तोच जगाने पाहिला. अमेरिकन छायाचित्रकार आर्नल्ड न्यूमन यांनी १९४६ मध्ये घेतलेल्या संगीतकार स्त्राविन्स्की यांच्या छायाचित्रात पियानोचे उघडे झाकण काळ्या आकारासारखे चौकट व्यापते आणि संगीतकार स्वतः खालच्या डाव्या कोपऱ्यात दिसतात. मूळ निगेटिव्हमध्ये खोलीचा बराच भाग होता. चौकटीचा तो धीट तोल टिपताना नव्हे, नंतर कापताना पक्का झाला. न्यूमन यांच्यासारख्या कसलेल्या माणसाने हे केले असेल, तर काटछाटीला कमीपणा मानण्याचे कारण उरत नाही.

मात्र काटछाट काय करू शकत नाही तेही ठाऊक असावे. एकाच जागी उभे राहून वाइड लेन्सने घेतलेले छायाचित्र मधोमध कापले, तर वस्तूंची परस्परांतील अंतरे टेलीलेन्सने घेतल्यासारखीच दिसतात, कारण ती आपण कुठे उभे आहोत यावर ठरतात. परंतु माणसाच्या जवळ गेल्यावर चेहरा आणि पार्श्वभूमी यांचे जे नाते बदलते, ते कापून कधीच मिळत नाही. दिवे घाटात पालखी चढत असताना वरच्या वळणावरून घेतलेल्या छायाचित्रातून एका वृद्ध वारकऱ्याचा चेहरा कापून काढता येईल. पण तो वरून, दुरून पाहिलेलाच चेहरा राहील. त्याच्याबरोबर चार पावले चालून घेतलेले छायाचित्र वेगळेच असते.

दुसरी मर्यादा पिक्सेलांची. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात साधारणतः ६००० गुणिले ४००० पिक्सेल मिळतात. इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने त्यातून सुमारे २० गुणिले १३ इंचांची प्रिंट निघते. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली, तर ६ मेगापिक्सेल उरतात आणि त्याच दर्जाची प्रिंट १० इंचांवर येते. भिंतीवर लावून हातभर अंतरावरून पाहायची असेल तर इंचाला २०० पिक्सेलही पुरतात, म्हणजे १५ इंचांपर्यंत जाता येते. मोबाइलच्या पडद्यासाठी याहून अधिक कापले तरी चालते. पण काटछाटीबरोबर नॉइज, हात हलल्याचा धूसरपणा आणि फोकसमधील चूकही मोठी होते, म्हणून कापण्यापूर्वी छायाचित्र शंभर टक्के आकारात उघडून मुख्य विषयाचे डोळे पाहावेत. ते धारदार नसतील तर कितीही सुंदर काटछाट उपयोगाची नाही.

प्रत्यक्ष कापताना मी सुचवेन तो क्रम असा. प्रथम क्षितिज किंवा एखादी उभी रेषा सरळ करावी, कारण फिरवताना कोपरे आपोआप जातात आणि उरलेल्या चौकटीतच पुढचे निर्णय घ्यावे लागतात. हे नुकसान वाटते त्याहून मोठे असते: ३:२ प्रमाणाचे छायाचित्र, तेच प्रमाण राखून, केवळ ३ अंशांनी सरळ केले तरी सुमारे १४ टक्के क्षेत्रफळ जाते. वाड्याचे दरवाजे, दीपमाळा किंवा मंदिराचे शिखर टिपताना कॅमेरा वर झुकवला असेल आणि नंतर उभ्या रेषा समांतर करायच्या असतील, तर याहूनही अधिक जागा लागते, तेव्हा अशा वेळी टिपतानाच चारी बाजूंनी ऐसपैस जागा सोडावी.

त्यानंतर प्रमाण निश्चित करावे. कॅमेऱ्याचे ३:२ हे प्रमाण १२ गुणिले १८ इंचांच्या प्रिंटला तंतोतंत बसते, पण ८ गुणिले १० इंचांच्या प्रिंटला बसत नाही. तिथे लांबीचा सहावा भाग कापावाच लागतो. लग्नातील समूहछायाचित्रात टोकाला उभे असलेले काका किंवा मावशी अर्ध्या कापल्या जातात त्याचे कारण हेच असते. हा निर्णय लॅबवर सोडू नये. आडव्या छायाचित्रातून मोबाइलसाठी ९:१६ या उभ्या प्रमाणात कापायचे असेल, तर ६००० पैकी जेमतेम २२५० पिक्सेलांची पट्टी उरते. असा वापर होणार हे आधी माहीत असेल तर कॅमेरा उभा धरणेच बरे.

मग कडांकडे पाहावे. नवशिका मध्यभागी पाहून कापतो, तर अनुभवी माणूस चारही कडांवरून डोळा फिरवतो. कडेला चिकटलेला पांढरा ठिपका, अर्धवट शिरलेला कोणाचा तरी कोपर, रिकाम्या आकाशाचा चमकता तुकडा या गोष्टी नजर बाहेर खेचतात आणि थोड्या काटछाटीने जातात. माणूस कापावा लागला तर मनगट, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर कापू नये. मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापलेले डोळ्यांना खटकत नाही. जो ज्या दिशेला पाहतो किंवा चालतो त्या दिशेला थोडी मोकळी जागा ठेवावी, हा संकेत जाणीवपूर्वक मोडायचा असेल तर गोष्ट वेगळी. चौकटीचे आडवे-उभे तीन समान भाग करणाऱ्या तृतीयांशाच्या रेषा सॉफ्टवेअर दाखवतेच, पण त्यांच्यावर विषय आणून ठेवला म्हणजे रचना झाली असे मानू नये. रिंगणात धावणारा अश्व अगदी मधोमध असला तरी भोवतीच्या गर्दीच्या वर्तुळामुळे तीच जागा योग्य ठरू शकते.

काटछाटीत नीतीचा प्रश्न येतो तो अर्थ बदलतो तेव्हा. एका बाजूने दगड फेकणारे आणि दुसऱ्या बाजूने लाठी उगारणारे अशा छायाचित्रातील एक बाजू कापली, तर उरलेला प्रत्येक पिक्सेल खरा असूनही छायाचित्र खोटे बोलू लागते. यासाठी एक साधी कसोटी पुरते. कापलेला भाग शेजारी ठेवून पाहणाऱ्याला दाखवला तर त्याला आपली दिशाभूल झाली असे वाटेल का? वाटणार असेल, तर ती काटछाट करू नये. चे गेव्हाराच्या छायाचित्रातील झावळ्या पाहून कोणालाही तसे वाटत नाही.

उजेड आणि रंग यांच्याकडे वळताना एक गोष्ट लक्षात घ्यावी, की हे काम डार्करूममध्येही होत असे. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला. त्याच निगेटिव्हवरून पुढच्या काही दशकांत त्यांनी काढलेल्या प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या, तर सुरुवातीच्या प्रिंटमधील आकाश करडे आणि ढगांच्या छटांचे आहे, नंतरच्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळे होत गेले आहे. एन्लार्जरखाली (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) हाताने उजेड अडवून एखादा भाग उजळ ठेवणे म्हणजे डॉजिंग आणि जास्त उजेड देऊन तो गडद करणे म्हणजे बर्निंग. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच नावे टिकून आहेत.

शक्य असेल तेथे रॉमध्ये टिपावे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. त्यामुळे सावल्या उजळताना जेपेगमधील छटा लवकर तुटतात. लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी यांसारखी सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात न लावता केवळ बदलांची नोंद ठेवतात, म्हणून कोणताही निर्णय केव्हाही मागे घेता येतो. डार्कटेबल आणि रॉथेरपी विनामूल्य आहेत.

क्रमाने पहिला येतो तो व्हाइट बॅलन्स, आणि आपल्याकडच्या विषयांत कॅमेऱ्याचा अंदाज हमखास चुकतो तोही येथेच. जेजुरीला भंडारा उधळला जातो तेव्हा चौकटभर पिवळा रंग पाहून ऑटो व्हाइट बॅलन्स तो दोष समजतो आणि निळसर छटा मिसळून हळदीचे तेज मारून टाकतो. अशा वेळी दिवसाच्या उजेडासाठीचे सुमारे ५५०० केल्विन हे मूल्य ठेवून सुरुवात करावी आणि एखाद्या पांढऱ्या धोतराकडे किंवा दगडी पायरीकडे पाहून सुधारावे. उलट लाल-केशरी कापडाच्या मांडवात सगळ्यांच्या चेहऱ्यांवर कापडाचा रंग उतरतो. तिथे तो पूर्ण घालवण्याच्या मागे लागू नये. मांडवात बसलेल्या माणसांवर तो रंग खरोखरच होता, तेव्हा तो निम्मा कमी केला तरी पुरते.

त्यानंतर एकूण एक्स्पोजर (छायाचित्राचा उजळपणा) आणि हायलाइट (सर्वांत उजळ भाग). डिजिटल फाइलमध्ये सावलीतील तपशील बराचसा परत आणता येतो; पूर्ण पांढरा पडलेला भाग मात्र परत येत नाही. म्हणून वारीतील पांढरे सदरे आणि टोप्या टिपतानाच हिस्टोग्राम (डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या पातळ्या दाखवणारा आलेख) उजव्या भिंतीवर आदळणार नाही याची काळजी घ्यावी. तरीही एक फसवणूक उरते. भगव्या पताकेत लाल रंगाची पातळी इतर दोन रंगांच्या आधी शिगेला पोचते, त्यामुळे एकूण हिस्टोग्राम ठीक दिसत असूनही पताकेच्या चुण्या नाहीशा होऊन एकसंध केशरी ठिगळ उरते. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे पाहावेत, केशरीचे सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) आणि त्याचा उजेड थोडा उतरवावा. चुण्या परत दिसू लागल्या की थांबावे. आषाढातल्या ढगाळ उजेडात टिपलेल्या छायाचित्रांवर सॅच्युरेशनचा स्लायडर सरसकट ओढण्याची सवय फार पसरली आहे. तो उजेड मऊ असतो, सावल्या फिक्या असतात, ओल्या रस्त्यावर आकाशाचा करडेपणा उतरलेला असतो. हे सारे घालवून सगळीकडे कडक उन्हाळी रंग भरले, तर पावसाळ्याची नोंदच पुसली जाते.

चेहऱ्यांविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे. लग्नाच्या छायाचित्रांत वधूचा, आणि अलीकडे वराचाही, वर्ण उजळ करून देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, आणि ग्राहक ते मागतात असे तिचे समर्थन केले जाते. सावळ्या चेहऱ्यावर पुरेसा उजेड न पडल्यामुळे तो काळवंडला असेल, तर तो उजेड परत देणे हे छायाचित्रकाराचे कामच आहे. मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, चेहऱ्याचे एक्स्पोजर थोडे वाढवावे, गालांवरचा आणि कपाळावरचा नैसर्गिक चमकता भाग राखावा. पण त्वचेची छटाच बदलून तिला गोरेपणाकडे नेणे म्हणजे त्या व्यक्तीला तिचाच चेहरा नाकारणे होय. पन्नास वर्षांनी नातवंडे तो अल्बम उघडतील तेव्हा त्यांना आपल्या आजीचा वर्ण कळला पाहिजे. ग्राहकाने आग्रह धरला, तर योग्य उजेडातली एक प्रिंट आधी काढून दाखवावी. ती हातात घेतल्यावर अनेकांचे मत बदलते. पुटकुळी चार दिवसांत जाते, तेव्हा ती पुसायला हरकत नाही. तीळ, व्रण आणि सुरकुत्या मात्र विचारल्याशिवाय पुसू नयेत.

काढून टाकण्याचा मोह सर्वाधिक होतो तो विजेच्या तारा, फ्लेक्स आणि मोबाइल उंचावलेले हात यांच्या बाबतीत. येथे दोन प्रसंग ध्यानात ठेवावेत. २०१० च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत स्टेपान रुदिक यांच्या मालिकेला मिळालेला पुरस्कार काढून घेण्यात आला. त्यांनी मूळ चौकटीचा मोठा भाग कापला होता, रंग काढून कृष्णधवल केले होते, छटा गडद केल्या होत्या. अपात्र मात्र ते ठरले मागे दिसणाऱ्या एका माणसाच्या पावलाचा छोटा अंश पुसल्यामुळे. २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने नार्सिसो कोंत्रेरास यांच्याशी संबंध तोडले, कारण सीरियातील एका छायाचित्राच्या कोपऱ्यात दिसणारा सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा त्यांनी पुसला होता. दोन्ही वस्तू घटनेच्या दृष्टीने बिनमहत्त्वाच्या होत्या. पण एक वस्तू पुसली गेली हे कळल्यावर वाचकाने उरलेल्या छायाचित्रांवर विश्वास का ठेवावा, याचे उत्तर वृत्तसंस्थेकडे राहत नाही. मला हा कडकपणा योग्य वाटतो.

तेव्हा वारीच्या छायाचित्रात नेत्याचा फ्लेक्स आला असेल तर टिपतानाच दोन पावले बाजूला सरकावे किंवा खाली बसून पताकेआड तो घ्यावा. ते जमले नसेल तर कापता येतो का पाहावे, कडेला येणारा भाग बर्निंगने थोडा मंद करावा, आणि यांपैकी काहीही शक्य नसेल तर तो राहू द्यावा. आजची वारी फ्लेक्समधूनच चालत जाते, आणि काही वर्षांनी कदाचित तोच फ्लेक्स त्या वर्षाची खूण ठरेल. सेन्सरवरच्या धुळीचा डाग पुसण्यास हरकत नाही, कारण तो समोर नव्हताच.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यापासून हाच नियम अधिक जपावा लागतो. चौकट अपुरी पडली तर कडेला नवे आकाश, नवी माणसे निर्माण करणारे पर्याय आता मोबाइलमध्येही आहेत. कॅमेऱ्याने न पाहिलेला भाग जोडणे हे काटछाटीच्या नेमके उलटे काम आहे, आणि नोंद म्हणून मांडलेल्या छायाचित्रात त्याला जागा नाही. नॉइज कमी करणारी तशी साधनेही जपून वापरावीत, कारण दूरच्या चेहऱ्यांवर ती कधी कधी नसलेले डोळे रेखाटतात. २०२३ मध्ये आलेल्या लायका एम११-पी या कॅमेऱ्यात टिपतानाच फाइलमध्ये तिच्या उगमाची सही उमटवण्याची सोय आली, ती याच गरजेतून.

शेवटचे संस्कार आकार ठरल्यावरच करावेत. शार्पनिंग प्रिंटसाठी वेगळे आणि पडद्यासाठी वेगळे लागते, म्हणून ते फाइल अंतिम मापात आणल्यावर करावे. लॅबने वेगळे सांगितले नसेल तर एसआरजीबी हीच रंगपद्धती निवडावी. अॅडोबी आरजीबीमधील फाइल गेली तर भगवा रंग मळकट उतरण्याचा धोका असतो. काम झाल्यावर फाइल लगेच पाठवू नये. एक रात्र जाऊ द्यावी, सकाळी मूळ छायाचित्र आणि संस्करण केलेले छायाचित्र आलटून पालटून पाहावे, आणि बदल पहिल्याच नजरेत जाणवत असेल तर सगळे स्लायडर एक तृतीयांशाने मागे आणून पुन्हा पाहावे. मूळ रॉ फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि संस्करण केलेल्या फाइलला मूळ क्रमांक राखूनच नवे नाव द्यावे, म्हणजे कोणी विचारले तर दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतात. छायाचित्राखालच्या ओळीत ठिकाण, तारीख आणि प्रसंग लिहावा. दोन छायाचित्रे जोडली असतील किंवा काही पुसले असेल, तर तेही त्याच ओळीत नमूद करावे.